मी कागद शिजवत नाही

लाखनी,
१८ जानेवारी

ती. सौ. गिरजावहिनींना उषाचा नमस्कार.

दादाचा गुडघा या थंडीनं पुन्हा धरला असेल. त्याला सकाळी उन्हात बसवा, आणि तेल त्यानं स्वतःच चोळावं, कारण चोळताना वाकलं की कंबरही मोकळी होते. तुमच्या डोळ्याचं काय झालं, चष्मा बदलला का, ते कळवा. तुम्ही पाठवलेल्या पोपटाच्या शेंगा मिळाल्या. मी त्या मीठ घालून उकडल्या आणि एकटीनं संपवल्या. एकटीनं का, ते तुम्हाला माहीत आहे, कारण दुसरं माणूस तुमच्याकडे आहे.

फोन न करता पत्र लिहिते, कारण तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि त्या स्पीकरच्या शेजारी सध्या कोण बसलेलं असतं ते मी जाणते. शेजारची बेबीबाई उद्या तुमसरला लेकीकडे चालली आहे, तिच्या हाती हे देते. (हे तुम्हीच वाचा. दादाला वाचायला द्यायला हरकत नाही, पण त्याला मोठ्यानंच वाचता येतं, म्हणून देऊच नका.)

आमचे हे तुमच्याकडे येऊन आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत त्यांनी काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. उषानं घर फोडलं, असं सांगितलं असेल. तर वहिनी, ते खरं आहे. मी घर फोडलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत, सव्वा फूट, नीट माप घेऊन फोडलं, आणि पुन्हा गरज पडली तर पुन्हा फोडीन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठेतरी मी माफी मागेन या आशेनं तुम्ही वाचत बसायला नको.

याची सुरुवात पोळ्याच्या आसपास झाली. बसस्टँडवर कोणीतरी तपासणीचं शिबिर लावलं होतं. हे दूध आणायला गेले आणि बोट टोचून, साखर घेऊन घरी आले. मग आम्ही भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : भात कमी करा, तेल कमी करा, भाजी वाढवा, रोज चाला. आणि एक गोळी लिहून दिली. अडचण अशी झाली की या चारही गोष्टी आमच्या यांना फार साध्या वाटल्या. तुमचे जावाईबापू एकतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होते. शाळेत कुठलीही सुधारणा व्हायची तर आधी सामान यायचं, सामानाचं उद्घाटन व्हायचं, आणि ते सामान कशासाठी आलं याचा विचार पुढच्या सत्रात व्हायचा. तीच सवय त्यांनी घरी आणली. सुधारायचं आहे ना, मग सामान पाहिजे. त्यात आमच्या धर्मेंद्रनं बापाला नवा फोन दिलेला. त्या फोनमध्ये पांढरा कोट घातलेला एक माणूस, आमच्या अख्ख्या घराएवढ्या रांधणखोलीत उभा राहून, निरोगी स्वयंपाक कसा करावा ते सांगतो. (त्याच्या मागे कधी एक खरकटं भांडं दिसलेलं नाही. मी मुद्दाम पाहते.)

पहिला आला एअर फ्रायर. नारळ फोडला. हे म्हणाले, "आता तेलाचा थेंब नाही, अन् वडे तसेच." मी लाखोरीची दाळ भिजवली, पाट्यावर वाटली, वडे थापून त्या पेटीत ठेवले. बाहेर निघाले ते महामार्गाच्या कामावर चालले असते. यांनी दोन खाल्ले, 'पोषक आहे' म्हणाले आणि चक्कर मारून येतो म्हणून गेले. परत आले तेव्हा मिशीला भज्याचं पीठ लागलेलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या पेटीत शेंगदाणे आणि जवस फार छान भाजले जातात. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मग आला ज्युसर. साधा नाही, हळू चालणारा. हळू चाललं की जीवनसत्त्व घाबरत नाही म्हणतात. कारलं, दुधी, आवळा घालायचा, आणि खाली पेला धरायचा. हे तो पेला नाक दाबून एका मिनिटात पितात. त्यानंतर तो ज्युसर धुवायचा असतो. त्याचे अकरा भाग आहेत, वहिनी. मी मोजले आहेत, कारण मीच धुतले आहेत. अकरावा भाग म्हणजे दहावा भाग घासायचा ब्रश, आणि तो ब्रशही धुवावा लागतो. भाजीचा सगळा चोथा हे टाकून द्या म्हणायचे आणि पाणी प्यायचे. डॉक्टरांनी भाजी खा सांगितली होती, पी सांगितली नव्हती. चोथ्याची मी धिरडी केली आणि मीच खाल्ली. माझी तब्येत त्यानं चांगली झाली.

तिसरं यंत्र आपोआप पोळ्या करणारं. त्यात ज्वारीची भाकर दाबली की ती बाजूनं पळते. चौथं, वाफेवर भाज्या शिजवणारं तीनमजली. आमच्या सासूबाई चुलीवरच्या गंजाच्या तोंडाला फडकं बांधून कोचईच्या पानाच्या वड्या वाफवत होत्या, त्याला कोणी मजले मोजले नव्हते. मी हे बोलून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "तुले मशीनमधलं काय समजते?" एवढंच म्हणाले, पण वहिनी, ते वाक्य मी जपून ठेवलं.

आता चार यंत्रं झाली, त्यांना ठेवायला जागा पाहिजे आणि वायरी लावायला बटणं पाहिजेत. दिवाळीच्या तोंडावर यांनी सुतार बोलावून ओट्याच्या वर एक लांब फळी ठोकून घेतली, मागे प्लायचा तक्ता, तक्त्यावर बटणांची रांग. काम सुरेख झालं. फक्त ती फळी आणि तो तक्ता स्वयंपाकघराच्या एकुलत्या एका खिडकीवर आला. मी सुताराला म्हटलं, अहो, खिडकी. सुतारानं यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "खिडकीतून धूळच येते, ट्रक चालतात दिवसभर." अशा रीतीनं आमच्या घरातल्या आरोग्यासाठी खिडकी बंद झाली.

फोडणीचा धूर जायला मग वाट उरली नाही. खोकला मला आधीही होताच, तुम्ही मागच्या वर्षी मंडईच्या जत्रेला आला होता तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, उषा, काढा घे. पण दिवाळीनंतर तो मुक्कामाला आला. मिरची टाकली की मी पदर तोंडाला लावून अंगणात पळायची, आणि परत येईपर्यंत लसूण काळा. यांना बाहेरच्या खोलीत धूर लागायचा नाही, कारण हे मधलं दार लावून घ्यायचे.

डिसेंबरात यांची साखर दाखवायला पुन्हा भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर यांचा रिपोर्ट वाचत होते, मी शेजारी खोकत होते. (साखर जराशी कमी झाली होती. त्याचं श्रेय यांनी ज्युसरला दिलं, मी गोळीला दिलं, डॉक्टरांनी कोणालाच दिलं नाही.) डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि मला नळी लावली. पाठीवर, छातीवर, बराच वेळ. मग विचारलं, "बाई, तुमच्या स्वयंपाकघरात धूर कुठून बाहेर जाते?"

मी म्हटलं, "माझ्या नाकातून."

ते हसले नाहीत. म्हणाले, छातीत आवाज आहे, आत्ता औषध देतो, पण धुराला वाट केली नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही पेशंट असाल आणि हे सोबत येतील. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. हे मला फोनमध्ये पाचवं यंत्र दाखवत होते, शिजलं की बोलून सांगणारा कुकर. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, हे पाचवं मी निवडीन. ते म्हणाले, "तू?" मी म्हटलं, मी. ते इतके चकित झाले की हो म्हणून गेले.

त्यानंतरच्या मंगळवारी मी एकटी एसटीनं भंडाऱ्याला गेले. पिशवीत एक छोटी कढई, शिशीत तेल, आणि पुडीत सहा लाल मिरच्या व लसूण. तुम्ही हसाल, पण दादाला विचारा, मिलवर आलेलं धान तो दाताखाली दाणा फोडल्याशिवाय घेतो का. आपण टरबूज ठोकून घेतो. मग मी यंत्र नुसतं डब्यावरचं चित्र पाहून कायले घेऊ?

मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराचं एक दुकान आहे. (नाव लिहीत नाही. त्यांची काही चूक नव्हती आणि मला पुन्हा तिथं जायचं आहे.) आत एसी, दारं बंद. टाय घातलेला एक माणूस पुढे आला. मी म्हटलं, स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारं काहीतरी दाखवा. त्यानं मला भिंतीवर लावलेली एक मोठी काळी चिमणी दाखवली. ती हात हलवला तरी चालू होते. ती किती ओढते ते दाखवायला त्यानं एक पातळ कागद खाली धरला, आणि तो कागद वर जाऊन चिकटला. मग तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी म्हटलं, "भाऊ, मी कागद शिजवत नाही."

शेजारी शेगडीच्या टेबलाजवळ मनाली नावाची विक्री करणारी मुलगी होती, लग्नाच्या वयाची, तिला हसू आलं. मी तिला विचारलं, ही विजेची शेगडी चालते का. ती म्हणाली, हो मावशी, दूध उकळून दाखवतो आम्ही. मी म्हटलं, मग आज दूध नको. कढई ठेवली, तेल टाकलं, लसूण टाकला. टायवाला म्हणाला, मॅडम, असं चालत नाही. मी म्हटलं, माझ्या घरी असंच चालतं, आणि यंत्र माझ्या घरी जायचं आहे. सहाही मिरच्या मोडून टाकल्या.

वहिनी, मी मुद्दाम काही केलं नाही. जेवढ्या मिरच्या रोज टाकते तेवढ्याच टाकल्या. पण ती चिमणी नुसती भिंतीवर टांगलेली होती, तिच्या मागे बाहेर जाणारा पाइपच नव्हता. तिनं सगळा धूर खालून ओढला आणि वरून दुकानात सोडला. आधी टायवाल्याला ठसका लागला. मग फ्रीज बघायला आलेलं जोडपं फ्रीजचं दार उघडून त्यात तोंड घालून उभं राहिलं. टीव्हीसमोरची माणसं काचेच्या दाराकडे निघाली. आतल्या केबिनमधून मालक बाहेर आले, चांगले जाडजूड गृहस्थ, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. म्हणाले, "बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

मी म्हटलं, "स्वयंपाक."

"असा?"

"असाच. दिवसातून दोन वेळा. पस्तीस वर्षं झाली."

त्यांना पुढं काही विचारायचं होतं, पण खोकल्यानं विचारू दिलं नाही. मनालीनं पळत जाऊन दोन्ही दारं उघडली आणि शेगडी बंद केली. सगळे बाहेर फुटपाथवर उभे राहिलो. मला वाटलं आता पोलीस बोलावतात. मालकांनी रुमालानं डोळे पुसले, बाटलीभर पाणी संपवलं, खिशातून फोन काढून घरी लावला आणि विचारलं, "ऐक, आपल्या स्वयंपाकघरात धूर जायले जागा आहे का?" तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण उत्तर लांब होतं. ते नुसते हं, हं करत राहिले.

मनाली माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, चिमणी नका घेऊ. साधा पंखा घ्या, भिंतीत बसणारा. माझे बाबा चिखल्याले खाणीत होते. खाली माणसं काम करतात तं वरून मोठे पंखे हवा ओढून बाहेर फेकतात. खराब हवा बाहेर गेली पाहिजे, एवढंच काम. इथल्या इथं फिरवून काय फायदा?" मग जरा थांबून म्हणाली, "खाणीत बाबाले पंखा होता. घरी चुलीपुढं मायले नव्हता. माझ्या पहिल्या पगारात मी तोच लावला." मी तिला म्हटलं, तुझ्या मायला लावला तोच मला दे. तो लोखंडी पात्यांचा, बारा इंची, काळा, दिसायला अगदी सामान्य. मालकांनी तो स्वतः बांधून दिला. कढईही घासून दिली. (टायवाल्याकडून घासून घेतली. मी नको म्हटलं नाही.)

घरी आल्यावर यांनी डबा उघडला, चारी बाजूंनी पाहिला.

"हे शिजवते काय?"

"काही शिजवत नाही."

"मंग आरोग्याशी याचा काय संबंध?"

"तुमच्या आरोग्याशी नाही. माझ्या आरोग्याशी आहे."

यावर त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. तुम्हाला सांगते, त्यांना वाईट वाटलं असावं, पण वाईट वाटलं की त्यांना नियम आठवतात. म्हणाले, भिंत फोडावी लागेल. मी म्हटलं, लागेल. फळी काढावी लागेल. मी म्हटलं, तीही लागेल, भोक खिडकीच्या वर, फळीच्या जागीच पडतं. ते म्हणाले, दुसऱ्या भिंतीत लावू. दुसऱ्या भिंतीपलीकडे देवघर आहे. देवाला पस्तीस वर्षं माझा स्वयंपाक चालला, धूर कशाला द्यायचा?

सकाळी डोमा आला. तो भिंतही फोडतो आणि वायरही जोडतो. छन्नी-हातोडा घेऊन आत शिरला तर हे फळीसमोर हात पसरून उभे. चार यंत्रं मागे, हे पुढे, फोटो काढावा असं दृश्य. म्हणाले, "ही फळी निघाली तं मीही निघालो."

डोमानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, आधी काय काढू?"

मी म्हटलं, "फळी."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. यांनी दोन सदरे पिशवीत भरले, ज्युसर दुपट्ट्यात गुंडाळला आणि तुमसरची बस धरली. जाताना एवढंच म्हणाले की ज्या घरात आरोग्याला किंमत नाही तिथं राहण्यात अर्थ नाही. डोमा वरून भिंत फोडत होता. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून हे काय म्हणाले ते त्यानं मला विचारलं. मी त्याला सांगितलं नाही.

पहिले तीन दिवस खोकला होता तसाच होता, तेव्हा मी मनातून घाबरले होते, हे फक्त तुम्हाला सांगते. चौथ्या दिवशी लाखोरीच्या भाजीला लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि सवयीनं पदर तोंडाला लावला. धूर सरळ उठून भोकातून बाहेर गेला. मी पदर काढला. कढईसमोर उभी राहिले आणि ठसक्याची वाट पाहिली. आला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच फोडणीचा वास आला, वहिनी. लसूण लाल होतो त्या वेळी गोडसर वास येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मग मी आणखी एक मिरची टाकली.

त्याचा एक तोटा झाला. आता गल्लीला कळतं आमच्याकडे काय शिजलं. बेबीबाई वाटी घेऊनच येते.

धर्मेंद्रचा नागपूरहून फोन आला होता. आई, तू बाबांची समजूत घाल, म्हणाला. मी म्हटलं, समज त्यांना भरपूर आहे, आणखी कुठं घालू. मग सूनबाईनं, मोनानं, फोन घेतला, बाल्कनीत गेली, आणि हळू आवाजात विचारलं, आई, तो पंखा किती इंची आहे.

तर वहिनी, अशी हकिगत आहे. मी कोणाला घालवलं नाही आणि कोणाला बोलावतही नाही. घर उघडं आहे, भिंतीतून तर फारच उघडं आहे. यावं वाटलं तर यावं. फळी मात्र पुन्हा लागणार नाही. दादाला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
उषा

ता. क. : ज्युसर तुम्ही धुवू नका. तेरा दिवस धुतला असेल, मला माहीत आहे, पाहुण्याचं म्हणून तुम्ही बोलला नसाल. उद्यापासून तसाच मोरीत राहू द्या. तिसऱ्या दिवशी कारल्याला वास सुटतो. मग ते स्वतः धुतील. अकरा भाग एकदा त्यांच्या हातानं धुतले गेले की पुढचं बोलणं सोपं जाईल.

पुन्हा ता. क. : गोळी सकाळी जेवणाआधी घ्यायची असते. ज्यूस प्यायलो म्हणून ते टाळतात. तुम्ही काही बोलू नका, बोललं की व्हिडिओ दाखवतात. नुसती पेल्याशेजारी ठेवा. भात एकच वाढा. डॉक्टरांनी दोनदा सांगितला आहे म्हणतील, तसं सांगितलेलं नाही. आणि सकाळी कानटोपी घालायला लावा, ती ते इथंच विसरले, बेबीबाईच्या हाती सोबत पाठवली आहे.

शेवटचं ता. क. : डोमा सहा फुटांचा माणूस, त्यानं पंख्याचं बटण आपल्या हिशोबानं वर बसवलं. माझा हात तिथवर पुरत नाही. या वयात दिवसातून दोन-तीन वेळा स्टुलावर चढणं बरं नव्हे, आणि घरात उंच माणूस दुसरं नाही, एवढं तुम्ही त्यांच्या कानावर घालावं. आपलं म्हणून घालावं, मी लिहिलं असं सांगू नये. तसं लाटण्याच्या टोकानं ते बटण अगदी नीट दाबलं जातं, हे मी पहिल्याच दिवशी शोधून काढलं आहे. पण तेही त्यांना सांगायची गरज नाही.